नळी नेहमी खाली

“आज नवरदेव रुसला वं बाई,” करामतचाचा म्हणाले. त्यांनी रिव्हॉल्व्हरचं तोंड वाळूच्या पेटीकडे केलं आणि सिलिंडर अंगठ्यानं मागंपुढं ढकलून पाहिला. “मान हालवून राहिला. पाह्य तू.”

मी पाहिलं नाही. माझ्या हातात नोंदवही होती. अठराशे चाळीस बार झाले होते आणि जेवणाचा भोंगा व्हायच्या आत आणखी दहा उरकायचे होते.

“सकाळीच गेज लावलंय, चाचा. चार थाऊ. पहिल्यापेक्षा घट्ट आहे तो आता.”

“गेज काय म्हणते ते तुले ठाऊक. माया हात म्हणते, मान हालवून राहिला.”

“तुमचा हात कुठं लिहू? वहीत रकाना नाही तसा.”

ते हसले. साठीला टेकलेला, खारकेसारखा सुकलेला माणूस. आठ महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्यांनी काडतुसं भरली, चष्मा नाकावर दाबला, दोन्ही हात लांब करून उभे राहिले. उजव्या हातात मूठ आणि डाव्या हातानं उजवं मनगट धरलेलं. गेली तीस वर्षं ते असेच उभे राहत.

एक. दोन. तिसऱ्या बाराचा आवाज वेगळा आला. कुणीतरी ओलं फडकं झटकावं तसा एक फटका त्या आवाजात मिसळला होता. चाचा हलले नाहीत. त्यांनी रिव्हॉल्व्हर सावकाश खाली आणलं, नळी वाळूत टेकवली, सिलिंडर उघडून उरलेली काडतुसं पेटीत पाडली. हे सगळं झाल्यावर त्यांनी डावा हात गालावर नेला. हात लाल होऊन परत आला.

“लिही,” ते म्हणाले. “अठराशे त्रेचाळीस.”

चष्म्याच्या काचेखाली, डोळ्यापासून बोटभर अंतरावर, शिशाचे तीन कण रुतले होते.

आमचा कारखाना सातपुड्याच्या पायथ्याशी होता. त्याचं नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. तिथं हलक्या काडतुसाची साधी रिव्हॉल्व्हरं वर्षानुवर्षं बनत आली होती. त्या वर्षी वनखात्याकडून मागणी आली. अस्वलं आणि गवे असलेल्या रानात फिरणाऱ्या वनरक्षकांसाठी दणकट, भारी काडतुसाचं मॅग्नम रिव्हॉल्व्हर हवं होतं. दोन नमुने तयार झाले. प्रत्येकातून तीन हजार बार काढायचे, दर शंभर बारांनी मोजमाप घ्यायचं, आणि जो कमी झिजेल तो पुढं जायचा.

कागदावर त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणत. शेडमध्ये तसं कोण म्हणणार? ‘अ’ आमच्या परचुरेसाहेबांनी आखलेला होता. सडपातळ, निळसर झिलईचा, चौकटीच्या एका अंगाला स्क्रूनं बसवलेलं नाजूक झाकण. सिलिंडर ज्या दांडीवर बाहेर झुलतो ती दांडीसुद्धा बारीक, सुबक. त्याचं नाव पडलं नवरदेव. ‘ब’ जुन्या ड्रॉइंग ऑफिसातून आला होता. त्याला झाकणबिकण काही नव्हतं, सगळी चौकट एकाच पोलादाची. सिलिंडरवरची पट्टी माझ्या करंगळीएवढी जाड, झुलणारी दांडी ठसठशीत, आणि सिलिंडर पुढून-मागून दोन्हीकडे खिळीनं धरलेला. दिसायला ओबडधोबड, वजनाला जड. तो हमाल.

मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते. प्रमिला गावंडे, तपासणी खोलीत मापं घेणारी. खोलीत पाच पुरुष आणि मी. माझं काम फीलर गेजचं. ही पोलादाच्या पातळ पानांची जुडी असते, पंख्यासारखी उघडणारी. प्रत्येक पानावर त्याची जाडी कोरलेली असते, इंचाच्या हजाराव्या भागात. त्या हजाराव्या भागाला आम्ही थाऊ म्हणायचो. आजही मुलांना शिकवताना मी आधी त्यांना स्वतःच्या डोक्याचा एक केस चिमटीत धरायला लावते. तो असतो दोन-तीन थाऊ.

रिव्हॉल्व्हरमध्ये नळी आणि सिलिंडर यांच्यामध्ये फट असते. ती लागतेच, नाहीतर सिलिंडर फिरणार नाही. पण ती जास्त झाली की बाराची आग आणि शिशाचे कण तिथून फवारतात. सुरुवातीला दोघांचीही फट सहा थाऊ होती. अठराशे बारांनंतर हमालाची सहाच होती. नवरदेवाची पाच झाली, मग चार. परचुरेसाहेब खूश होते. त्यांनी अहवालात लिहिलं की नमुना ‘अ’ वापरानं अधिक घट्ट बसत आहे. खाली माझी सही होती. दर शंभराला एक, अशा अठरा सह्या.

आणि फट जर चार थाऊ असेल, तर चाचांच्या गालात शिसं शिरलं कसं?

परचुरेसाहेबांनी उत्तर दुसऱ्या दिवशीच शोधलं. “म्हातार्‍याचे डोळे गेलेत,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. “दिसत नाही म्हणून हत्यार तोंडाजवळ ओढतो. लपवत होता इतके दिवस.”

चौकशी लागली. आरोप होता की दृष्टी कमी झाल्याचं लपवून, नियमाविरुद्ध हत्यार चेहऱ्याजवळ धरून बार काढला. सिद्ध झालं तर चाचांना फायरिंग शेडमधून काढून गेटवर बसवणार होते. पुरावा काय, तर माझी मोजमापं. फट ठीक होती, म्हणजे माणूस चुकला.

मी दवाखान्यात गेले तेव्हा चाचा खाटेवर मांडी घालून बसले होते. अर्धा चेहरा पट्टीत.

“मी तुमच्या हाताकडे पाहत होते, चाचा. हात लांब होते. मी तसं सांगेन.”

“सांग न. पण ते इचारतील, बाई, तू वहीत पाहात होती का माया हाताकडं? मंग तू काय सांगशीन?”

तिसऱ्या बाराला मी आकडा लिहीत होते.

“मले गेटवर बसवतीन तं बसवू दे,” ते म्हणाले. “पगार तेवढाच हाय. पण आंधया म्हणून नाही बसनार मी. तीस वर्सं या डोयांनी नेम धरला. माया नातवाले लोकं काय सांगतीन? तुया आजा आंधया होता अन् लपवत होता?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुया गेजची चूक हाय असं नाही म्हनत मी. पन तो मान हालवत होता. तू पाह्यलं नाही.”

“चाचा, मी अठरा वेळा मोजलंय.”

“अठरा येळा एकसारखंच मोजलं असशीन.”

ते रागानं बोलले नव्हते, म्हणूनच ते जास्त लागलं. मी तिथून सरळ तपासणी खोलीत गेले. नवरदेव काढला, नळी खाली धरली, पान सरकवलं. चारचं गेलं. पाचचं अडलं. म्हणजे माझं बरोबर होतं, आणि चाचांचंही खोटं वाटत नव्हतं. तशीच घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा काढायला मी फळीकडे हात वर केला. मनगटावरच्या दोन काचेच्या बांगड्या खळकन कोपराकडे घसरल्या. डबा घेऊन हात खाली आणला तर त्या पुन्हा मनगटावर येऊन टेकल्या. हे रोज होत होतं. आईनं भरलेल्या बांगड्या, थोड्या सैल. त्या दिवशी मी डबा ओट्यावर ठेवला आणि पुन्हा हात वर केला. मग खाली. पुन्हा वर.

“काय करतेस गं?” आई म्हणाली. “व्यायाम?”

“आई, हात खाली असला की मनगट आणि बांगडी यांच्यात जागा किती?”

“जागा कुठली? चिकटूनच असते.”

“आणि वर केला की?”

आईनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “जरा झोपत जा.”

मी डबा न घेताच कारखान्यात गेले.

तपासणी खोलीच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं हातभर अक्षरांत लिहिलं होतं: नळी नेहमी खाली. माझ्या आधीच्या काळात कुणीतरी रिकामं समजून हत्यार आडवं उचललं आणि समोरचा माणूस गेला. त्या माणसाचं नाव कुणाला आठवत नव्हतं. नियम मात्र सगळ्यांना आठवत होता. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला भिंतीसमोर उभं करून ते तीन शब्द म्हणायला लावत. हत्यार उचला, ठेवा, पुसा, मोजा, नळी खालच्या वाळूच्या पेटीकडेच. मी अकरा वर्षं तसंच मोजलं होतं. माझ्या आधीच्यांनीही तसंच.

नळी खाली असली की सिलिंडर आपल्या वजनानं पुढं नळीकडे घसरतो. बांगडी मनगटाला टेकते तशी. हलक्या काडतुसाच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांत त्यानं काही बिघडत नसे, कारण सिलिंडरला घसरायला जागाच नसायची. पण भारी काडतूस दर बाराला त्याला पुढंमागं हाणत होतं. ज्या बारीक दांडीवर तो झुलत होता, तिची कड झिजत होती. जितकी झीज जास्त, तितका तो पुढं जास्त घसरायचा आणि तितकी माझी फट कमी दिसायची. नवरदेव घट्ट होत नव्हता. तो खिळखिळा होत होता, आणि मी त्याला शाबासकी देत होते.

खोलीत कुणी आलं नव्हतं. मी नवरदेव काढला. सिलिंडर उघडला, सहाही भोकांतून खिडकीचा उजेड पाहिला, प्रत्येकात करंगळी घालून पाहिली. सिलिंडर बंद केला. आणि आयुष्यात पहिल्यांदा नळी वर केली.

आतून टक् असा बारीक आवाज आला. सिलिंडर मागं बसला.

सहाचं पान गेलं. आठचं गेलं. दहाचं गेलं. अकराचं थोडं घासत, पण गेलं. बाराचं अडलं.

मग हमाल काढला. तसाच रिकामा पाहिला, तसाच वर धरला. सातचं गेलं. आठचं जाईना.

“बाई!”

दारात इंगळे उभे होते, आमचे सुपरवायझर. त्यांच्या हातातली चहाची किटली तिरकी झाली होती. “नळी खाली! काय करून राहिली तू? खाली कर आधी!”

मी खाली केली. मग त्यांना सगळं सांगितलं, बांगड्यांसकट. इंगळे वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतः नवरदेव हातात घेतला, नळी खाली ठेवून सिलिंडर अंगठ्यानं मागं ढकलला. अंगठा काढताच तो पुन्हा पुढं घसरला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“बरोबर हाय तुयं,” ते हळू आवाजात म्हणाले. “पण हे कागदावर नाही येत. नियम मोडून घेतलेलं माप हाय. अन् बाई, अठरा सह्या तुयाच हायेत. तू म्हनशीन माप चुकलं, तं पहिलं कोन मरन? तूच न?”

“चाचा मरतायत त्याचं काय?”

“मरत नाही कोनी. गेटवर बसतीन. सावली हाय तिथं.” त्यांनी किटली टेबलावर ठेवली. “साहेबाले सांगू नको.”

मी सांगितलं. त्याच दिवशी दुपारी, परचुरेसाहेबांच्या केबिनमध्ये. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हुशार माणूस होता, मला वाटतं माझं अर्धं वाक्य होण्याआधीच त्यांना कळलं होतं.

“गावंडेबाई, थोडी ढिलाई प्रत्येक रिव्हॉल्व्हरला असते,” ते म्हणाले.

“हमालाला... ‘ब’ला एक थाऊ आहे साहेब. ‘अ’ला सात.”

“‘ब’ चा आकार पाहिलात? वनरक्षक तो कमरेला बांधून दिवसभर चालेल की त्यालाच खांद्यावर घेऊन चालेल? नवं काही करायचं म्हटलं की तुमच्या शेडला आधी नाव ठेवायचं सुचतं. नवरदेव म्हणता ना? ठाऊक आहे मला.” त्यांनी समोरचे कागद बाजूला सारले. “परवा चौकशीत तुम्हाला एकच प्रश्न विचारतील. फट मर्यादेत होती का? तुमच्या अठरा सह्या म्हणतात, होती. तुम्ही फक्त ‘हो’ म्हणायचं. मुख्य तपासनीसाची जागा रिकामी होतेय. त्या जागेवर आजपर्यंत बाई बसलेली नाही. मला ती बसवायची आहे.”

“आणि मी ‘हो’ म्हटलं नाही तर?”

“तर मला विचारावं लागेल, तुम्ही नळी वर का केली?”

परवा म्हणजे शुक्रवार. चौकशी तपासणी खोलीतच झाली, कारण नमुने तिथून हलवायचे नव्हते. लांब टेबलाच्या टोकाला जनरल मॅनेजर, त्यांच्या शेजारी परचुरेसाहेब, पलीकडे लिहून घेणारे इंगळे. करामतचाचांना भिंतीजवळ, टेबलापासून चार हात लांब बाकावर बसवलं होतं. बरोबर लाल अक्षरांखाली. पट्टी निघाली होती, गालावर तीन काळे ठिपके दिसत होते.

जनरल मॅनेजर कमी बोलणारे होते. त्यांनी विचारलं, “गावंडेबाई, अठराशे बारांच्या वेळी नमुना ‘अ’ची फट मर्यादेत होती?”

“मी मोजली तशी, होती. मी मोजली ती चुकीची.”

इंगळ्यांचं पेन थांबलं.

“म्हणजे?”

“मी दाखवते साहेब. दोन्ही नमुने हवेत.”

परचुरेसाहेब काही म्हणायच्या आत मी कपाट उघडलं होतं. दोन्ही टेबलावर ठेवले, नळ्या वाळूच्या पेटीकडे. आधी दोन्हींचे सिलिंडर उघडून जनरल मॅनेजरांपुढे धरले. त्यांनी सहा आणि सहा, बारा भोकं पाहिली. मी परचुरेसाहेबांपुढेही धरले. त्यांनी पाहिलं नाही.

“नळी खाली असताना,” मी म्हणाले, आणि पानं सरकवली. “‘अ’ चार. ‘ब’ सहा. वहीत लिहिलंय तसंच. या आकड्यावर ‘अ’ चांगला.”

“मग?” परचुरेसाहेब म्हणाले.

मी माझा रिकामा हात वर केला. बांगड्या कोपराकडे घसरल्या. खाली केला, मनगटावर आल्या. जनरल मॅनेजरांनी भुवया उंचावल्या.

“बार उडतो तेव्हा काडतूस सिलिंडरला मागं दाबतं साहेब. तेव्हाची फट खरी. आम्ही ती कधी मोजलीच नाही.”

मी नवरदेव उचलला आणि हात वर न्यायला लागले.

“नळी खाली!” परचुरेसाहेब ताडकन उठले. त्यांची खुर्ची मागं पडली. “गावंडेबाई, नळी खाली! भिंतीवर काय लिहिलंय ते वाचता येतं ना? हा सरळ गुन्हा आहे!”

खोलीतले सगळे मागं सरले होते. जनरल मॅनेजरांनी हातानं थांबण्याची खूण केली, पण कुणाला थांबवत होते ते कळलं नाही, मला की परचुरेसाहेबांना. माझा हात टेबलापासून वीतभर वर अडकला होता. अकरा वर्षांत हाताला तेवढंच ठाऊक होतं. खाली.

“वर धर बाई,” भिंतीकडून आवाज आला. “रिकामं हाय. म्या इथून पाह्यलं, साही भोकं रिकामी हायेत.”

मी वर धरली. छताकडे, सरळ.

टक्.

तो आवाज सगळ्यांनी ऐकला. मी जुडीतलं पान शोधलं, सरकवलं, ते आत गेलं. तसंच ठेवून, नळी वर, पान बाहेर लटकलेलं, मी हात टेबलावर पुढं केला. “वाचा साहेब.”

पानावरचे आकडे तिळाएवढे असतात. परचुरेसाहेब वाकले. त्यांनी खिसा चाचपला, मग दुसरा. चष्मा केबिनमध्ये राहिला होता. ते आणखी जवळ आले, मान मागं केली, डोळे बारीक केले. “सात... सातच दिसतंय.”

“सात नाही,” चाचा बाकावरून म्हणाले. उठलेही नव्हते. “शून्य शून्य अकरा. अन् वरच्या कोपऱ्यात बारीक चांदणीचा छाप हाय.”

जनरल मॅनेजरांनी हात पुढं केला. मी पान ओढून काढलं, नळी खाली केली, पान त्यांच्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी ते खिडकीपाशी नेलं, उजेडात तिरकं धरलं. बराच वेळ पाहत राहिले.

“अकरा,” ते म्हणाले. मग अंतर मोजत बाकाकडे पाहिलं. “आणि चांदणी आहे.”

चाचांनी मांडी बदलली. “जवयून धरलं असतं तं साहेब, मले वासही आला असता.”

इंगळे हसले आणि लगेच खोकले.

मी हमालही वर धरून मोजला. सात. परचुरेसाहेब खिडकीबाहेर पाहत होते.

“लिहून घ्या,” मी इंगळ्यांना म्हणाले. “‘ब’, एक थाऊची ढिलाई. ‘अ’, सात. अठरा मापं चुकली. सही प्रमिला गावंडे.”

“बाई,” इंगळे पुटपुटले, “शेवटचं वाक्य...”

“लिहा.”

चाचांवरचा आरोप ‘पुराव्याअभावी’ मागं घेतला गेला. नवरदेव ड्रॉइंग ऑफिसात परत गेला आणि पुन्हा आला नाही. चुकलं कुणाचं, हे कुठल्याच कागदावर आलं नाही. हमालाचे उरलेले बार चाचांनीच काढले. तीन हजारावा बार त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात झाला. तेव्हा मी त्यांच्या शेजारी नव्हते.

कारण मला मेमो आला होता. दिनांक अमुक रोजी, अधिकाऱ्यांनी मज्जाव केला असता, सुरक्षेचा मूळ नियम मोडून हत्याराची नळी वर केली. खुलासा द्यावा आणि असे पुन्हा होणार नाही अशी लेखी हमी द्यावी.

इंगळ्यांनी मला कोरा कागद दिला, वर मसुदाही दिला. “एवढं लिही, मिटून जाते. माफी मागनं काही आपल्याले नवीन नाही.”

मी त्यांचा मसुदा घडी घालून परत दिला आणि लिहिलं: ‘होय, नळी वर केली. सहाही भोकं रिकामी पाहून, अधिकाऱ्यांना दाखवून केली. पुन्हा मोजायची वेळ आली तर पुन्हा करीन.’

“काऊन असं करतेस वं?” इंगळे म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

मुख्य तपासनीसाची जागा दुसऱ्याला गेली. माझी बदली कारखान्याच्या आवारातल्या शिकाऊ उमेदवारांच्या शाळेत झाली. बदली म्हणजे शिक्षाच होती. ज्याचा कारखान्यात उपयोग नाही त्याला तिथं पाठवत. दहावी झालेली, मिशी न फुटलेली पोरं, तेलकट वर्ग, तुटके गेज, आणि भिंतीवर तेच लाल तीन शब्द. मी तिथं सत्तावीस वर्षं शिकवलं. निवृत्त होऊनही आता चौदा वर्षं झाली, तरी गल्लीतली मुलं दुपारी पट्टी-पेन्सिल घेऊन माझ्याकडे येतात. कुणी लगेच चिडतं, कुणाला चौथ्यांदा सांगावं लागतं. मी चौथ्यांदा सांगते. माप घ्यायला शिकवायचं तर घाई चालत नाही.

पण तो पहिला दिवस सांगायचा राहिला.

मी सकाळी बाजारातून काचेच्या दोन डझन बांगड्या घेऊन गेले होते. सैल, मोठ्या मापाच्या. वीस पोरांच्या हातात एकेक दिली आणि म्हणाले, घाला. ती एकमेकांकडे पाहून खिदळायला लागली. मागच्या बाकावरचा एक म्हणाला, “मॅडम, लगन हाय का आपलं?” मी म्हणाले, घाल आधी, मग सांगते कुणाचं ते.

“आता हात वर करा.”

हसू एकदम थांबलं. त्यांना वाटलं, शिक्षा. तरी एकेक हात वर गेला. बांगड्या कोपराकडे खुळखुळत घसरल्या.

तेवढ्यात दारातून चाचा आत आले. त्या दिवशी त्यांची रजा होती. गालावरचे तीन ठिपके तसेच होते, ते शेवटपर्यंत गेले नाहीत. ते भिंतीजवळ त्या लाल अक्षरांखाली उभे राहिले आणि त्यांनीही रिकामा हात वर केला.

“यायले सांग न वं,” ते म्हणाले, “कायले वर केला ते.”

मी खडू घेतला आणि सांगायला लागले. तास संपल्याचा भोंगा झाला तरी हात खाली करायला मी कुणाला सांगितलं नाही.